पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये आणि माळावरचा तलाव

भाचा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला लागला. पहिल्या पगाराची स्लिप त्यानं व्हॉट्सॲपवर टाकली आणि खाली विचारलं, "मामा, पीएफ कळला. पण हे पीटी म्हणून दोनशे कापलेत, ते कशाचे?"

मी लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत बसतो आणि व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्नं भरून देतो. दिवसभर करांचेच आकडे डोळ्यांपुढं असतात. "व्यवसाय कर, सगळ्यांचाच कापतात" एवढं लिहून मोकळा होणार होतो. पण थांबलो. या दोनशे रुपयांचं नातं त्याच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या तळहातावरच्या घट्ट्यांशी आहे, आणि त्या पोराला हे कुणी सांगितलेलंच नाही. संध्याकाळी फोनवर सांगायला बसलो ते तासभर चाललं. तेच जरा नीट जुळवून इथं लिहितोय.

मराठवाड्यात 'बाहत्तर' म्हटलं की पुढं 'सालचा दुष्काळ' असं म्हणावं लागत नाही. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. भाकरीचं गठुडं बांधून सकाळी खडी फोडायला जायची. हातोडीचा दांडा घामानं निसटायचा म्हणून त्याला चिंधी गुंडाळलेली. संध्याकाळी ढिगाला टेप लागायचा आणि मस्टरवर अंगठा उठायचा. दुपारी सुकडी मिळायची. घरी लाल मिलोची भाकरी, ती कशीही थापली तरी कडेनं चिरायचीच, असं ती अजून सांगते. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती.

दुष्काळ सरला की कामं बंद, ही जुनी रीत. ती मोडावी, मागेल त्याला काम मिळावं, ही कल्पना वि. स. पागे यांनी लावून धरली. विधान परिषदेचे ते सभापती. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी साठच्या दशकातच तसा प्रयोग करून पाहिला होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आता मागेल त्याला काम द्यायचं म्हणजे तो मागेल तेव्हा तिजोरीत पैसा हवा. पाऊस काही अर्थसंकल्पाचं वेळापत्रक पाहून दडी मारत नाही. त्यासाठी १९७५ सालीच व्यवसाय कराचा कायदा केला गेला होता. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार, सगळ्यांकडून थोडं थोडं. जोडीला वाहनांवर, विक्रीवर आणि बागायती जमिनीवरसुद्धा जादा आकारणी. शिवाय या करांतून जेवढा पैसा जमेल, तेवढाच सरकारनं आपल्या पदरचा घालायचा.

म्हणजे मुंबईत लोकलला लोंबकळत ऑफिसला जाणाऱ्या कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये निघायचे आणि इकडं आमच्या माळावर पाझर तलावाच्या पिचिंगला, म्हणजे भिंतीच्या अस्तराला, दगड लागायचे. आमच्या गावच्या वरचा तलाव असाच रोहयोतला, म्हणजे रोजगार हमी योजनेतला. आई त्या कामावरही होती, मी तेव्हा झाडाखाली झोळीत. तो तलाव अजून आहे. भिंतीवर बाभळी माजल्यात, सांडव्याचे काही दगड कुणीतरी घराच्या पायाला नेलेत, पण बऱ्या पावसाच्या वर्षी खालच्या पाच-सहा विहिरींना होळीपर्यंत पाणी असतं.

भाच्याला म्हटलं, आता एक विचार कर. हा तलाव एखाद्या शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं का नाही बांधला? कारण पाणी जमिनीखालून झिरपतं. ते कुणाच्या विहिरीत किती उतरलं याची पावती फाडता येत नाही. ज्यानं पैसा घातला त्याच्या विहिरीपेक्षा शेजाऱ्याच्याच विहिरीला जास्त पाणी यायचं. मग घालील कोण? ज्याचा फायदा सगळ्यांना वाटून जातो आणि ज्याचं तिकीट लावता येत नाही, अशी कामं बाजार करत नाही. ती सगळ्यांनी मिळून वर्गणीनंच करावी लागतात. गावात गणपतीची वर्गणी असते, तशी देशाची सक्तीची वर्गणी म्हणजे कर. आपल्याकडं केंद्र आणि राज्यं मिळून देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण सतरा-अठरा टक्के कर गोळा करतात. शाळा, सरकारी दवाखाने, रस्ते आणि पाझर तलाव यांच्या पोटात हाच पैसा जातो.

'शाश्वत विकास' हा शब्द निघाला की डोळ्यांपुढं एखाद्या परिषदेचा फलक आणि बाटलीबंद पाणी येतं. ब्रुंटलँड आयोगानं १९८७ साली त्याची व्याख्या केली. आजच्या गरजा भागवा, पण पुढच्यांच्या गरजा भागायला काही उरेल अशा बेतानं, असा तिचा अर्थ. आमच्याकडं हे समजायला आयोग लागत नाही. कणगीतली पेरणीची ज्वारी वेगळी काढलेली असते. कितीही ओढ बसली तरी तिला हात लावायचा नसतो. पाहुणे आले, उसनंपासनं आणू, पण बियाणं दळायला जात नाही. देशाच्या हिशेबात बियाणं म्हणजे जमिनीतलं पाणी, मातीचा कस, स्वच्छ हवा आणि शाळेत जाणारी पोरं. कर लावताना सरकार या बियाण्याला राखतं की तेच दळायला काढतं, एवढाच इथं प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या भागात चारशे वर्षांपूर्वीही पडला होता. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याचं नाव निघालं की लोकांना नहर आठवते, जमिनीखालून नळानं शहरात पाणी आणणारी. त्याचा सारा मात्र कुणाला आठवत नाही. त्याच्या आधी वसुली मक्त्यानं दिली जायची. मक्तेदारानं सरकारला ठरलेला आकडा द्यायचा आणि रयतेकडून जमेल तेवढं उकळायचं. मलिक अंबरनं ती पद्धत मोडली, जमिनीची मोजणी आणि प्रत पाहून सारा ठरवला. पुढं निजामाच्या राज्यात मक्ता परत आला. तो उठवायला १८५३ साली दिवाण झालेल्या सालारजंगाला हात घालावा लागला. त्यानं पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले. आपल्या जिल्ह्यांची घडी त्यातनंच पुढं बसत गेली.

मक्त्यात वाईट काय होतं? मक्तेदार वाईट माणूस होता, एवढ्यानं भागत नाही. त्याच्याकडं गाव थोड्या मुदतीसाठी असायचं. पुढच्या वर्षी मक्ता दुसऱ्याकडं गेला तर आपल्याला काय, म्हणून तो यंदाच बैलं विकायला लावायचा, बियाणं उचलायचा. ज्याला पुढच्या वर्षीही याच गावातनं वसुली करायची असते, तो शेतकऱ्याचा बैल जगेल असं पाहतो. मला नेहमी वाटतं, पाच वर्षांच्या निवडणुकीचा हिशेब धरून ठरवलेला कर बराचसा मक्त्यासारखा असतो. पण हे राजकारण झालं, ते राहू द्या.

आता कराचं दुसरं काम. पैसा गोळा करणं हे सगळ्यांना दिसतं. पण कर वस्तूची किंमत हलवतो आणि किंमत हलली की माणूस वेगळं वागायला लागतो. आर्थर पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं शंभर वर्षांपूर्वी हे नीट मांडलं. एखाद्याच्या धंद्याचा त्रास दुसऱ्याला होतो आणि तो खर्च धंदेवाल्याच्या वहीत कुठंच चढत नाही. मग त्या त्रासाएवढा कर लावा, म्हणजे खर्च त्याच्या वहीत येईल आणि तो आपोआप हात आखडता घेईल.

उदाहरणाला परळी घ्या. वैजनाथाचं गाव, आणि औष्णिक वीज केंद्राचं गाव. कोळसा बाहेरून येतो, वीज राज्यभर जाते, राख इथंच राहते. विजेच्या बिलात कोळशाचा दर असतो, वाहतूक असते, पगार असतात. कपडे वाळत घातल्यावर त्यावर बसलेली धूळ, खोकला, तापणारी हवा यांचा रकाना बिलात नसतो. पाण्याचाही नसतो. या केंद्राला प्रचंड पाणी लागतं, आणि जुलै २०१५ मध्ये ते पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं.

केंद्र सरकारनं २०१० मध्ये कोळशावर टनामागं ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. पिगूचाच धडा तो. कोळसा थोडा महाग होईल आणि जमलेला पैसा सौर, पवन अशा कामांसाठी वेगळ्या निधीत जाईल, असा बेत. २०१४ मध्ये तो १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कोळशावरचे ४०० रुपये तसेच राहिले, पण नाव बदलून भरपाई उपकर झालं. जीएसटीमुळं राज्यांचं जे उत्पन्न बुडेल ते भरून द्यायला तो पैसा जाऊ लागला. त्याआधीही निधीतला बराच पैसा ठरल्या कामाला न लागता पडून होताच. कोळशाची किंमत वाढवण्याचं काम त्या करानं चालू ठेवलं, सूर्यासाठी पैसा साठवण्याचं काम सुटलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

रोहयोचा पैसा आणि कोळशाचा पैसा यांतला फरक इथं दिसतो. एकीकडं कायद्यानंच कराला काम बांधून दिलं होतं, आणि ते काम मागण्याचा हक्कही माणसाला दिला होता. तहसीलदारासमोर उभं राहून बाई म्हणू शकत होती, काम द्या नाहीतर भत्ता द्या. कोळशाच्या निधीसमोर असं उभं राहणारं कुणी नव्हतं.

त्याच सप्टेंबरातल्या बदलात एक गोष्ट आमच्या शेतकऱ्यांच्या कामाची झाली. ठिबक आणि तुषार संचांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ट्रॅक्टरवरचाही. सौर उपकरणांवरचाही तसाच उतरला. चांगल्या वस्तूवर कमी कर, हे समजायला सोपं आहे. पण त्याच झटक्यात ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर २८ वरून १८ वर आला. विजेवर चालणाऱ्या गाडीवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे. म्हणजे पेट्रोलची आणि विजेची गाडी यांच्यातलं कराचं अंतर २३ टक्क्यांवरून १३ वर आलं. सामान्य माणसाची गाडी स्वस्त झाली, ते त्याच्या खिशाला बरंच. पण विजेच्या गाडीचा सरकारी रेटा तेवढा कमी झाला, हेही खरं. बातम्यांत पहिलंच आलं. कराचा दर नुसता पाहून भागत नाही, शेजारच्या वस्तूच्या दराजवळ ठेवून पाहावा लागतो. भाचा ज्या भागात कामाला आहे तिथं गाड्यांचेच कारखाने आहेत, तिथल्या कित्येक पोटांचा हिशेब या अंतरावर आहे, म्हणून त्याला हे लांबवून सांगितलं.

आणि मग पाणी. इथं मला जरा जास्त बोलायचंय.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून, सुमारे ३४० किलोमीटरवरून. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. माझ्या दुकानासमोर तेव्हा टँकरच्या रांगेत रिकामे घागरी-ड्रम साखळीनं बांधून ठेवलेले असायचे, चोरी नको म्हणून. त्याच जिल्ह्यात, त्याच खोऱ्यात आम्ही ऊस लावतो. ज्वारीच्या कितीतरी पट पाणी पिणारं पीक. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उसाला भाव कायद्यानं बांधलेला आहे, कारखाना घ्यायला बसलाय, ज्वारीचं तसं काहीच नाही. त्यात शेतीपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत, ही योजना राज्यानं २०२४ पासून आणलीय. वीज फुकट म्हणजे खालचं पाणी उपसण्याचा खर्च फुकट. बोअर सहाशे फुटांवर गेलं काय आणि आठशेवर गेलं काय, बिल तेवढंच, म्हणजे शून्य.

सवलत म्हणजे उलट्या दिशेचा कर. कर लावला की वस्तू कमी वापरली जाते, सवलत दिली की जास्त. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीची खतं कितीतरी महाग. मग रानात युरियाच जास्त पडतो आणि माती थकत जाते. सरकारच्या एका हातानं ठिबकवरचा कर कमी होतो आणि दुसऱ्या हातानं उपसा फुकट होतो. पाणी वाचवा असं भिंतीवर लिहिलेलं असतं. शेतकरी भिंत वाचत नाही, बिल वाचतो.

मग भूजलावर कर लावायचा का? ऐकायला भयंकर वाटतं. राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये असं आहे आणि आधीच घेतलेल्या खोल विहिरींवर काही ठिकाणी उपकर लावण्याची तरतूदही आहे. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. दोनशे फुटांवर पाणी लागलेलं बोअर आमच्याकडं आता लोक पेढे वाटून सांगतील. कायदा कागदावर आणि बोअरची गाडी रात्रभर चालू, अशी अवस्था आहे.

माझं मत विचाराल तर दोन एकरवाल्यावर पाण्याचा कर लावणं चूक आहे, आणि पंधरा एकर ऊस फुकटच्या विजेवर उभा करणाऱ्यालाही तीच सवलत देणं त्याहून चूक आहे. मोफत विजेचे जे पैसे सरकार भरतं, तेच शेतकऱ्याच्या हातात रोख द्या आणि विजेला मीटर लावा. जो कमी उपसेल त्याच्याकडं पैसे उरतील. असं बोललं की आमच्या कट्ट्यावर पहिली शिवी मला बसते. बसू दे.

कर कोण भरतं, हीसुद्धा एक गंमत आहे. "आम्ही टॅक्स भरतो आणि हे फुकट खातात," असं बोलणारे लोक आयकर भरतात म्हणून तसं बोलतात. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला कर भरावा लागत नाही, म्हणजे आयकर देणारे थोडेच. पण मोंढ्यात पोती उचलणारा हमाल चहाच्या पुड्यापासून चपलेपर्यंत सगळ्यावर जीएसटी देतो. साबणाच्या वडीवर तो जेवढा कर देतो तेवढाच आडतदार देतो. हमालाच्या दिवसाच्या कमाईत तो जास्त चावतो, आडतदाराला दिसतही नाही. साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला तो याच कारणानं मला पटला. उत्पन्न पाहून लावलेला कर आणि वस्तूवर लावलेला कर यांत पहिल्याचा वाटा जितका जास्त, तितका गरिबाच्या ताटावरचा भार कमी. आणि ताटातलं कमी झालं की पहिली कात्री पोरांच्या शाळेवर लागते.

शाळेवरून कोयत्यांची गोष्ट. बीड, धाराशिव, जालन्याच्या तांड्यांतून आणि वाड्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. पोरं बरोबर जातात, परीक्षेच्या आसपास परत येतात आणि पुढच्या वर्षी त्यांचंच नाव पटावरून हळूच गळतं. यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे. त्याला कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागं १० रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारनं घालायचे, असा निर्णय झाला. पोरं मागं राहून शिकावीत म्हणून वसतिगृहं निघाली ती यातूनच. टनामागं दहा रुपये म्हणजे किलोला एक पैसा. साखर खाणाऱ्याला कळणारही नाही. रचना पाहा, पुन्हा रोहयोचीच आहे: ज्या धंद्यातून पैसा निघतो त्यावरच बारीकसा कर, तेवढीच सरकारची भर, आणि खर्चाचं ठिकाण ठरलेलं. वसतिगृहात गादी आहे का, रात्री बाई वॉर्डन आहे का, हे मात्र करानं ठरत नाही. ते जाऊन पाहावं लागतं.

पेट्रोलचं न सांगता लेख पुरा होणार नाही, कारण परभणीकर रागावतील. राज्यात सगळ्यांत महाग पेट्रोल कुठं, याचं उत्तर कित्येकदा परभणी असतं. मनमाडच्या डेपोपासून टँकर तीनशेहून जास्त किलोमीटर येतो, त्याची वाहतूक लिटरमागं चढते. बाकीच्या किमतीत केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत नाही, कारण ही दुभती गाय कुणालाच सोडायची नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारनं दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये अधिभार लावला. दारू, सिगारेट, शीतपेयं, सोनं यांवरचा करही वाढवला. सुमारे १६०० कोटी रुपये उभे करायचे होते. दुष्काळ मुख्यतः मराठवाड्यातच होता, त्यामुळं इथं कुणी फारसं कुरकुरलं नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात मांजरा भरून वाहिली. अधिभार मात्र पंपावर मुक्कामाला राहिला, वर वाढतही गेला. ज्या कारणासाठी कर लावला ते कारण संपलं आणि कर राहिला, की पुढच्या खेपेला खऱ्या कारणासाठी मागितलेल्या दोन रुपयांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. कर भरण्याची तयारी हीसुद्धा बियाण्यासारखीच आहे. एकदा दळून खाल्ली की पेरायला उरत नाही.

ती तयारी वाढवताही येते. वाळूजजवळ पाटोदा नावाचं गाव आहे. भाच्याच्या कारखान्यापासून लांब नाही. तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील गावोगाव भाषणांत सांगतात ती गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्या घराला ग्रामपंचायतीच्या गिरणीत दळण मोफत. आपल्याकडं घरपट्टी म्हणजे मुलीच्या लग्नाआधी किंवा दाखला अडला की भरायची गोष्ट. पाटोद्यात बाई नवऱ्याला म्हणते, पट्टी भरून या, डोक्यावर डबा घेऊन जायचंय. कर देणारा हात आणि त्याचं पीठ घेणारा हात एकाच घरात, एकाच आठवड्यात. दिल्लीला एवढी छोटी गिरणी काढता येणार नाही, पण ग्रामपंचायतीला येते, नगरपालिकेलाही येऊ शकते.

वाटपाचा मुद्दा राहिलाच. कर मुंबई-पुण्यात जास्त जमतो, कारण कंपन्यांच्या पाट्या तिथं आहेत. तो कुठं खर्च व्हावा यावर मराठवाडा पन्नास वर्षं भांडतोय. अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, हा शब्द बाकी महाराष्ट्रात कमी वापरला जातो, आमच्याकडं पोरंसुद्धा वापरतात. अनुशेष मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांची समिती नेमली गेली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला, २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. केंद्राच्या पातळीवर पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांना करांचा ४१ टक्के वाटा दिला आणि तो राज्याराज्यांत वाटताना वनक्षेत्राला १० टक्के वजन ठेवलं. जंगल राखणाऱ्याला करातून काही मिळावं, ही कल्पना चांगली आहे. आमच्याकडं जंगल नावालाच असल्यानं आम्हाला तिचा उपयोग नाही. पाझर तलाव राखणाऱ्या गावाला असं काही वजन दिलं असतं, तर आमच्या तलावाच्या सांडव्याचे दगड कदाचित जागेवर असते.

हे सगळं ऐकून भाच्यानं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, झोपला असेल ऐकता ऐकता.

फेब्रुवारीचा पगार झाला आणि रात्री त्याचा मेसेज: "मामा, या वेळी तीनशे कापलेत. चूक झालीय का?"

चूक नाही, म्हणून सांगितलं. अकरा महिने दोनशे म्हणजे २२००, आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २५००. त्याच्या वर एक रुपयाही राज्याला घेता येत नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात ती मर्यादाच आहे. घटना झाली तेव्हा ती २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठावी दुरुस्ती करून २५०० केली, आणि तेव्हापासून तीच आहे. १९८८ मध्ये २५०० रुपये म्हणजे कारकुनाचा चांगला महिन्याचा पगार. आज त्याला कारखान्याच्या कँटीनचा आणि रूमच्या डब्याचा महिना निघत नाही. शिवाय महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या त्याच्याकडूनही २५००च आणि त्याच्या कंपनीच्या सगळ्यांत वरच्या साहेबाकडूनही २५००च.

त्यानं थोडा वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, "आज्जीला किती मिळायचे दिवसाचे?"

आई शेजारीच वाती वळत बसली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, आठवत नाही बाबा, ढीग भरला तर भरल्याचे, नाही भरला तर कमी.